पोकलेनच्या विद्युत्-दोषांचे निदान : प्रस्तावना

ज्या काळी जमीन खोदणाऱ्या यंत्राचा सारा कारभार वाफ, तारेचे दोर आणि दातेरी चाके यांच्या हाती होता, त्या काळी यंत्र बिघडले म्हणजे तो बिघाड डोळ्यांना दिसे, कानांना ऐकू येई, आणि यांपैकी काहीच न घडले तरी हात लावून पाहणाऱ्याला त्याचा पत्ता लागल्यावाचून राहत नसे. विल्यम ओटिस या अमेरिकन तरुणाने १८३९ साली वाफेच्या फावड्याचे पेटंट घेतले, तेव्हापासून पुढे शतकाहून अधिक काळ या क्षेत्रातील कारागिराची विद्या ही अशी प्रामुख्याने इंद्रियांची विद्या होती. १९५१ साली फ्रान्समधील पोक्लँ कंपनीने तेलाच्या दाबावर काम करणारे उत्खनन-यंत्र तयार केले, आणि कालांतराने त्या कंपनीची यंत्रे लार्सन अँड टुब्रोमार्फत आपल्याकडे येऊन तिचे नाव कोणत्याही कंपनीच्या उत्खनन-यंत्राला कायमचे चिकटले. परंतु त्या तेलयुगातही कारागिराच्या विद्येचे स्वरूप फारसे पालटले नाही, कारण फुटलेला होज, गळणारा सिलिंडर, हवा ओढून किंचाळणारा पंप हे सारे आपला ठावठिकाणा आपणहून सांगत असत. गेल्या चाळीस वर्षांत मात्र यंत्राच्या अंगात विजेचे एक निराळेच राज्य उभे राहिले आहे, आणि त्या राज्यातील बहुतेक बिघाड इंद्रियांना गोचर होत नाहीत. ते मापनाने आणि तर्काने शोधावे लागतात. त्या मापनाची व त्या तर्काची ओळख करून द्यावी, एवढ्याच हेतूने हे पुस्तक लिहिले आहे.

आजचे वीस टनी पोकलेन घेतले तर त्याच्या इंजिनाला किती डिझेल मिळावे, त्या इंजिनावर पंपाने किती भार टाकावा, इंजिन तापू लागल्यास कामाचा वेग कितपत आवरावा, या सर्व गोष्टींचा निर्णय कंट्रोलर नावाची एक बंद पेटी करीत असते. आणि तो निर्णय करण्यासाठी लागणारी माहिती तेलाचा दाब, पाण्याचे तापमान, इंजिनाचे फेरे, इंधनाचा दाब आणि लिव्हरची हालचाल यांवर नजर ठेवणारे सेन्सर तिला क्षणोक्षणी पुरवीत असतात. कंट्रोलरचा हुकूम पंपापर्यंत पोहोचतो तो सोलेनॉइडच्या वेटोळ्यातून वाहणाऱ्या, बहुधा एका अँपिअरहूनही कमी, अशा प्रवाहाच्या रूपाने. शंभराहून अधिक अश्वशक्तीचे इंजिन आणि ३५० बारच्या घरातला तेलदाब यांचे सारे सामर्थ्य या अल्पशा प्रवाहाच्या अधीन झालेले आहे. एखादा सेन्सर खोटे सांगू लागला, किंवा तो खरे सांगत असूनही त्याचे सांगणे वाटेतल्या तारेत अडले, की कंट्रोलर सावधगिरीचा मार्ग पत्करतो. तो पंपाचा भार उतरवतो, इंजिनाचे फेरे कमी करतो, आणि पंपापासून सिलिंडरपर्यंत धडधाकट असलेले यंत्र थकल्यासारखे चालू लागते. अशा वेळी यंत्राचा बिघाड म्हणून जे आपल्याला दिसते ती वास्तविक बिघाडावर कंट्रोलरने केलेली तजवीज असते. ही एक गोष्ट ध्यानात न आल्यामुळे निर्दोष पंप उतरवून खोलले गेल्याची उदाहरणे मी स्वतः पाहिली आहेत. काही कंपन्या कॅबमध्ये आणीबाणीचा एक स्विच देतात. तो टाकला म्हणजे कंट्रोलरला वगळून पंपाच्या सोलेनॉइडला ठरावीक रोधातून नियत प्रवाह मिळतो. मंदावलेले यंत्र या स्विचावर सुधारले, तर पंप आणि त्याचा सोलेनॉइड दोघेही निर्दोष ठरतात आणि तपासाचे क्षेत्र एका मिनिटात पुष्कळच आटते. पंप उतरवण्याआधी एवढे करून पाहणारे मिस्त्री मला थोडेच आढळले.

चंद्रपूरच्या कोळशाच्या उघड्या खाणी, गोव्यातील खनिजाचे डोंगर, कोकणातील जांभ्याचे चर, महामार्गांसाठी फोडला जाणारा दख्खनचा काळा पाषाण आणि २०१५ नंतर जलयुक्त शिवाराच्या निमित्ताने गावोगाव निघालेली नाला खोलीकरणाची कामे, या सर्व ठिकाणी ही यंत्रे राबताना आपण पाहतो. त्यांपैकी पुष्कळशी यंत्रे मोठ्या कंपन्यांची नसून कर्ज काढून एखाद-दुसरे पोकलेन घेतलेल्या आणि ते तासावर भाड्याने लावणाऱ्या छोट्या मालकांची असतात. यंत्र उभे राहिले तरी बँकेचा हप्ता उभा राहत नाही. आणि नाल्याचे काम असेल तर पाऊस तोंडावर आलेला असतो. अशा घाईच्या प्रसंगी ‘सेन्सर बदलून पाहू, नाही जमले तर कंट्रोलर बदलू’ ही रीत सर्वत्र रूढ झाली आहे. मालकाने नवा सेन्सर आणला, मॉनिटरवरचा दोषाचा कोड गेला नाही. दुसरा आणला, तरीही गेला नाही. मग काही लाखांच्या कंट्रोलरची मागणी झाली, आणि शेवटी दोष निघाला तो एका क्लिपखाली घासलेल्या तारेत. विजेचा सुटा भाग बहुधा परत घेतला जात नाही, म्हणून या रीतीची सारी किंमत मालकालाच भरावी लागते. ही रीत मोडावी अशी माझी तळमळ आहे, आणि ती मोडण्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. शंभर रुपयांचा टेस्ट लॅम्प, एक भरवशाचा मल्टिमीटर, त्या मॉडेलचा वायरिंगचा नकाशा आणि धीर एवढ्या सामग्रीवर बहुसंख्य दोष सापडतात.

मॉनिटरवर उमटणाऱ्या कोडविषयी येथे थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण सर्व अनर्थाचे मूळ त्याच्या चुकीच्या वाचनात आहे. कोड म्हणजे कंट्रोलरने दाखल केलेली फिर्याद होय. आणि फिर्याद दाखल झाली एवढ्यावरून, साक्षीपुरावा न घेता, कोणी कोणास शिक्षा फर्मावीत नाही. प्रत्येक कंपनीचे स्वतःचे कोड असतात, तथापि इंजिनाच्या बाबतीत जे-१९३९ या सर्वमान्य संकेताची भाषा पुष्कळ यंत्रांत आढळते. तिच्यात प्रत्येक कोडचे दोन भाग असतात. पहिला, एसपीएन, कोणत्या राशीविषयी तक्रार आहे ते सांगतो. उदाहरणार्थ, १०० म्हणजे इंजिन ऑइलचा दाब, ११० म्हणजे कूलंटचे तापमान. दुसरा, एफएमआय, तक्रारीचे स्वरूप सांगतो, आणि मिस्त्रीने अधिक लक्ष द्यावे ते याच भागाकडे. १०० आणि १ अशी जोडी दिसली तर ऑइलचा दाब खरोखरीच धोक्याइतका उतरला असल्याचे कंट्रोलरचे म्हणणे आहे, आणि इंजिन तात्काळ बंद करून ऑइलची पातळी पाहणे हे पहिले कर्तव्य ठरते. परंतु १०० आणि ३, किंवा १०० आणि ४ अशी जोडी दिसली, तर तक्रार ऑइलच्या दाबाविषयी नसून सेन्सरकडून येणाऱ्या व्होल्टेजविषयी आहे. ते मर्यादेच्या वर गेले किंवा खाली गेले एवढेच कंट्रोलरला म्हणावयाचे आहे. ५ म्हणजे प्रवाह हवा त्याहून कमी, सामान्यतः कोठेतरी तुटलेली तार. ६ म्हणजे प्रवाह अधिक, सामान्यतः कोठेतरी शॉर्ट. यांपैकी एकाही आकड्याचा अर्थ ‘सेन्सर खराब आहे’ असा होत नाही. सेन्सर, त्याचा कनेक्टर, मधली तार, अर्थ (अर्थिंग) आणि कंट्रोलर या साखळीत कोठेतरी दोष आहे, इतकाच त्याचा अर्थ. आणि या पाचांत सेन्सरची पाळी पहिली लागते ती केवळ तो बदलण्यास सोपा असल्यामुळे.

दाबाचा सेन्सर उदाहरणादाखल घेऊ. त्याला बहुधा तीन तारा असतात. एकीने ५ व्होल्टचा पुरवठा येतो, दुसरी अर्थची, आणि तिसरीने सेन्सर आपले उत्तर परत पाठवतो. शून्य दाबाला ०.५ व्होल्ट आणि पूर्ण दाबाला ४.५ व्होल्ट अशी ही उत्तराची मर्यादा सर्वसाधारणपणे आढळते. या मर्यादेच्या खाली आणि वर जी जागा रिकामी सोडलेली आहे तिच्यातच या योजनेचे चातुर्य आहे. निरोगी सेन्सर तेथे कधीच पोहोचत नसल्यामुळे ० किंवा ५ व्होल्ट दिसले की तार तुटली अथवा शॉर्ट झाली हे कंट्रोलरला कळते. सेन्सरची पूर्ण क्षमता ५०० बार धरली, तर ३५० बारला त्याने ३.३ व्होल्ट दिले पाहिजेत, असा हिशेब कोणालाही मांडता येईल. आणि तो हिशेब मांडून प्रत्यक्ष गेजशी ताडून पाहणे ही निदानाची पहिली पायरी आहे.

आता अर्थच्या तारेत गंज चढला, आणि सेन्सरची अर्थ वस्तुतः शून्यावर न राहता ०.४ व्होल्टवर तरंगू लागली, असे समजा. पुरवठा ५ व्होल्टचाच आहे, म्हणजे सेन्सरच्या वाट्याला ४.६ व्होल्ट येतात. तो त्याच प्रमाणात उत्तर देतो, आणि तेलात काहीही दाब नसताना कंट्रोलरला सुमारे ०.८६ व्होल्ट, म्हणजे जवळजवळ ४५ बार दाब असल्याचे कळते. हा आकडा मर्यादेच्या आत असल्यामुळे कोड उमटत नाही. मॉनिटर निर्वेध, आणि यंत्राची वागणूक मात्र बदललेली. कोड नसलेला दोष सर्वांत कठीण, असे जे अनुभवी मिस्त्री म्हणतात त्याचे कारण हे आहे. आणि म्हणून केवळ कोड वाचणाऱ्या यंत्रावर विसंबणाऱ्याची गती कोडपाशीच खुंटते.

कोड असेल तेव्हा एक सोपी परीक्षा करता येते. उत्तराची तार कंट्रोलरच्या आत रोधातून पुरवठ्याला बांधलेली असेल, तर सेन्सरचा कनेक्टर काढल्यावर व्होल्टेज वर चढून ‘अधिक’ची तक्रार आली पाहिजे, आणि हार्नेसच्या बाजूने उत्तराची व अर्थची पिन जोडून दिल्यावर ‘कमी’ची. दोन्ही तक्रारी यथायोग्य उमटल्या तर तारा शाबूत आहेत, कंट्रोलर वाचतो आहे, आणि संशय सेन्सरवर येऊन ठेपतो. उमटल्या नाहीत तर नवा सेन्सर विकत घेणे व्यर्थ. पंपाच्या दोन बाजूंना एकाच जातीचे दोन सेन्सर असतील तर त्यांची अदलाबदल करून पाहावी. कोड सेन्सरबरोबर स्थलांतर करतो की जागेवरच राहतो, यावरून दोषी कोण ते उघड होते. मात्र बकेट जमिनीवर टेकवल्यावाचून, इंजिन बंद करून लिव्हर फिरवून दाब सोडल्यावाचून आणि तेल थंड झाल्यावाचून कोणताही सेन्सर सैल करू नये. दाबाखालील तेल कातडी भेदून शरीरात शिरते, आणि ती जखम दिसते त्यापेक्षा फार गंभीर असते.

हे ५ व्होल्ट कित्येकदा अनेक सेन्सरांना एकाच वाटेने पोहोचवलेले असतात, ही गोष्ट माहीत नसल्यामुळे होणारा घोटाळा मी मराठवाड्यातील एका नाल्याच्या कामावर पाहिला. मॉनिटरवर एकदम चार कोड आले होते, चारही निरनिराळ्या सेन्सरांचे; चार सेन्सर एकाच क्षणी बिघडणे संभवत नाही, तेव्हा कंट्रोलरच गेला असा निर्णय होऊन नव्याची किंमतही मालकाला सांगून झाली होती. पुरवठ्याच्या तारेवर ५ ऐवजी एक व्होल्टही मिळत नव्हता. एकेक सेन्सरचा कनेक्टर काढीत गेल्यावर ट्रॅव्हलच्या दाबाचा सेन्सर सुटताक्षणी मीटरचा आकडा पाचावर आला. त्या एका सेन्सरच्या पोटात पाणी शिरून तो आतून शॉर्ट झाला होता आणि त्याने सर्वांचाच पुरवठा ओढून घेतला होता. अनेक कोड एकाच वेळी आले तर त्या सर्वांना सामाईक काय आहे, हा प्रश्न आधी विचारावा: सामाईक पुरवठा, सामाईक अर्थ, सामाईक फ्यूज, सामाईक कनेक्टर.

याहूनही मूलभूत असे एक प्रकरण आहे, आणि या पुस्तकात त्याला सर्वाधिक पाने दिली आहेत. ते म्हणजे बॅटरी, केबल आणि अर्थ यांचे. पोकलेनमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकीपुढे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. यंत्र बंद असताना पूर्ण भरलेल्या जोडीवर २५.२ व्होल्टच्या वर, आणि इंजिन चालू असताना २८ च्या आसपास आकडा दिसला पाहिजे. ऑपरेटरच्या सोयीसाठी पंखा, टेप किंवा मोबाइलचा चार्जर यांना दोहोंपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढून देण्याची जी चाल पडली आहे ती अत्यंत घातक होय. एक बॅटरी उपाशी राहते, दुसरी अतिभाराने उकळते, आणि काही महिन्यांनी कंट्रोलर सकाळी सेल्फ मारताच दगा देऊ लागतो. तेव्हा त्या पंख्याची आठवणही कोणाला होत नाही.

केबल तपासताना मल्टिमीटर रोधावर लावून ‘बीप’ ऐकण्याची आपली सवय येथे फसवी ठरते. जाड केबलचे सारे धागे तुटून एकच शिल्लक राहिला असला तरी मीटर केबल उत्तम असल्याचा दाखला देतो, कारण तो स्वतः जो प्रवाह सोडतो तो इतका अल्प असतो की त्या एका धाग्यालाही सहज पेलावा. सेल्फ मारताना स्टार्टर मात्र शेकडो अँपिअर ओढतो. ४०० अँपिअर वाहत असताना गंजलेल्या टर्मिनलवर अवघा ०.०१ ओहम रोध असला, तरी गेओर्ग ओहमने १८२७ साली सिद्ध केलेल्या नियमाप्रमाणे तेथल्या तेथे ४ व्होल्ट खर्ची पडतात. साध्या मीटरला तो रोध मोजताच येत नाही. त्याच्या दोन वायरींचा रोधही त्याहून अधिक भरतो. उलट सेल्फ मारीत असतानाच मीटरचे एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर आणि दुसरे टोक केबलच्या थिम्बलवर धरले, तर ते ४ व्होल्ट डोळ्यांसमोर उभे राहतात. तारेची परीक्षा तिच्यावर भार असताना करावी, हा नियम मी या विद्येचा पाया मानतो. इंजिन आणि चासी यांना जोडणारी अर्थची पट्टी सैल झाली म्हणजे परतीचा प्रवाह सेन्सरांच्या बारीक अर्थ-तारांमधून वाट काढू लागतो, आणि मग असे काही चमत्कारिक कोड उमटतात की त्यांचा परस्परसंबंध लावता लावता दिवस जातो. पट्टीचा बोल्ट काढून, रंग व गंज खरवडून, पुन्हा आवळण्यास मात्र पाच मिनिटे पुरतात.

टेस्ट लॅम्प याच कारणाने मला प्रिय आहे. तो पेटण्यासाठी खरोखरीचा प्रवाह मागतो, म्हणून २४ व्होल्टच्या फ्यूज, रिले व दिव्यांच्या वाटा तपासताना तो मीटरपेक्षा अधिक प्रामाणिक साक्ष देतो. तोच लॅम्प ५ व्होल्टच्या सेन्सर-तारांना किंवा कंट्रोलरच्या पिनांना मात्र कदापि लावू नये.

तारा बिघडतात त्या आपल्या हवामानामुळे आणि आपल्या हातांमुळे. ब्रेकर लावून काळा दगड फोडताना होणाऱ्या कंपनाने तार क्लिपखाली घासते. कोकणच्या पावसाळ्यात उभ्या यंत्रात उंदीर शिरून हार्नेस कुरतडतात. प्रेशरच्या पाण्याने यंत्र धुताना कनेक्टरमध्ये पाणी घुसते आणि तांब्याच्या धाग्यांमधून केशाकर्षणाने हळूहळू पुढे सरकत कंट्रोलरपर्यंत जाते. मीटरची अणकुचीदार टोके तारेच्या आवरणात खुपसून तपासणी करणारा मिस्त्री याच पाण्याला नवे दार उघडून देतो. पुढच्या पावसाळ्यात तेथे तांबे हिरवे पडलेले आढळते. बकेटचे दात वेल्डिंग करताना बॅटरी न सोडणे आणि वेल्डिंगची अर्थ दूर चेनला कोठेतरी लावणे, याने बेअरिंगांची व कंट्रोलरची जी हानी होते तिचा हिशेब कोणी ठेवत नाही. बॅटरीच्या केबली सोडाव्यात, कंट्रोलरचे कनेक्टर काढावेत, आणि अर्थचा चिमटा वेल्डिंगच्या जागेला लागूनच लावावा.

यंत्रात एकाहून अधिक कंट्रोलर असले म्हणजे ते परस्परांशी बोलतात ती कॅन नावाची पद्धत बॉश कंपनीने १९८६ साली डेट्रॉइट येथे जगापुढे मांडली. तिच्याविषयी कारागिरांत विनाकारण धास्ती आहे. पीळ घातलेल्या दोन तारा आणि त्यांच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रोध, एवढेच तिचे दृश्य स्वरूप. बॅटरी सोडून दोन तारांमधला रोध मोजावा: ६० ओहम आला तर मुख्य वाट शाबूत, १२० आला तर एक टोक तुटलेले, शून्याजवळ आला तर दोन्ही तारा एकमेकींना चिकटलेल्या.

राहता राहिले ते अधूनमधून येणारे आणि मिस्त्री पोहोचेपर्यंत नाहीसे होणारे दोष. येथे ऑपरेटरची जबानी कोणत्याही उपकरणापेक्षा मोलाची ठरते. दोष सकाळी थंड असताना येतो की दुपारी तापल्यावर, बूम वर नेताना की उजवीकडे स्विंग करताना, पावसानंतर की वॉशिंगनंतर, हे त्याला ठाऊक असते. पण ते त्याला विचारण्याची पद्धत नाही. पुष्कळसे ऑपरेटर झारखंड-बिहारकडून आलेले, भाषेने परके आणि हुद्द्याने कनिष्ठ मानले गेलेले असल्यामुळे त्यांचे अर्धे ज्ञान वाया जाते, हे मला फार लागते. सर्व हालचाली एकदम बंद पडल्या आणि पंप गेल्याची ओरड झाली, तेव्हा सेफ्टी लिव्हरच्या खालचा एक साधा स्विच चिखलाने अडकला असल्याचे ऑपरेटरनेच दाखवून दिले, असे प्रसंग या धंद्यात विरळा नाहीत. जबानी घेतल्यावर जुने कोड, ते कितीदा आले आणि किती तासांच्या मीटरवर आले, हे सर्व वहीत उतरवून घ्यावे, आणि मगच ते पुसावेत. आल्याबरोबर कोड पुसून टाकणारा मिस्त्री पुराव्याचा मुद्देमालच नष्ट करतो. नंतर यंत्र चालू ठेवून, फिरत्या भागांपासून हात दूर राखीत, हार्नेस हळूहळू हलवीत जावे आणि मीटरच्या आकड्यावर नजर ठेवावी.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून डिझेल मेकॅनिक होऊन बाहेर पडणाऱ्या मुलांना इंजिन उघडता येते, परंतु वायरिंगचा नकाशा हाती दिला म्हणजे ते बावरतात. हा दोष मुलांचा नव्हे. त्यांना भाराखालील व्होल्टेज मोजण्याचा सराव देणारी जुनी हार्नेस, दोन बॅटऱ्या आणि चार-पाच निकामी सेन्सर एवढी सामग्री प्रत्येक संस्थेत सहज उभी करता येईल, आणि यंत्रांच्या मालकांनी व विक्रेत्यांनी आपले भंगारातले सुटे भाग संस्थांना द्यावेत अशी माझी त्यांस आग्रहाची विनंती आहे. विक्रेत्यांनी वायरिंगचे नकाशे मालकापासून लपवून ठेवण्याचा जो प्रघात काही ठिकाणी पाडला आहे तो सोडून द्यावा. यंत्र ज्याने विकत घेतले त्याचा त्या यंत्राच्या नकाशावर हक्क आहे.

या पुस्तकात जे आकडे दिले आहेत ते सर्वसाधारण स्वरूपाचे आहेत. वाचकाने ते आपल्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलशी ताडून पाहावेत, आणि दोहोंत फरक आढळल्यास मॅन्युअलचा आकडा प्रमाण मानावा.